इटालियन आडनावाचा अर्थ लावताना या चुका टाळा

दि पिएत्रो, दे लुका, मार्तिनी, झानेत्ती. पूर्वजाच्या नावावरून पडलेली अशी आडनावं इटलीत पुष्कळ आहेत. नुसता शब्दकोश घेऊन अर्थ लावायला बसलात तर मात्र फसाल, कारण मूळ नाव अनेकदा आडनावात अर्धंच उरलेलं असतं.

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. इटलीत नाव लाडाने तोडताना बऱ्याचदा सुरुवात गळते आणि शेवट राहतो. लोरेन्झोचा रेन्झो, त्याचे वंशज रेन्झी. फिलिप्पोचा लिप्पो, त्याचे लिप्पी. बार्तोलोमेओचा मेओ, त्याचे मेई. जोव्हान्नीची तर जान्नी, व्हान्नी, नान्नी अशी रूपं होतात आणि व्हेनिसभोवतालच्या व्हेनेतो भागात झान. म्हणून झानेत्ती शेवटाकडून सोडवा: 'ई' हे घराण्याचं अनेकवचन, 'एत्त' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय, उरला झान. म्हणजे छोट्या जोव्हान्नीचे वंशज. जान्नीनी आणि व्हान्नीनी यांचं मूळही तेच. आडनाव पुरुषाच्याच नावावरून आलं असेल असंही धरू नका. बेत्ती हे बेनेदेत्तोवरून येतं तसंच एलिझाबेत्तावरूनही. कागद हाती येईपर्यंत दोन्ही शक्यता टिपून ठेवा.

'दे' किंवा 'दि' (म्हणजे 'चा') दिसलं की लोक नकाशात गाव शोधतात. गाव सांगायला बहुधा 'दा' येतं, जसं लिओनार्दो दा विंची. दे लुकामधला लुका हा माणूस आहे. लुक्का हे तोस्कानातलं शहर, आणि त्यावरून लुक्केसी. फरक एका जोडाक्षराचा, आणि देवनागरीत नाव उतरवताना नेमकं तेच निसटतं. त्यामुळे मूळ रोमन स्पेलिंग मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दे आंजेलिस हे लॅटिन दस्तऐवजांतलं रूप आहे. त्याचा संबंध देवदूतांशी न लावता आंजेलो नावाच्या पूर्वजाशी लावा. एस्पोझितो मात्र या गटातच बसत नाही, ते टाकून दिलेल्या अर्भकांना दिलं जाई. गोव्यातली फर्नांडिस, रॉड्रिग्स ही आडनावंही वडिलांच्या नावावरून आलेली, पण पोर्तुगीज. त्यांचं मूळ इटलीत शोधू नका.

कागदपत्रांत आणखी एक खाच आहे. 'रोस्सी मारियो दि जुझेप्पे' यातलं आडनाव रोस्सी. 'दि जुझेप्पे' म्हणजे जुझेप्पेचा मुलगा, आपल्याकडे मधलं नाव लावतात तसं. 'दि'च्या जागी 'फू' असेल तर वडील तेव्हा हयात नव्हते. जुन्या चर्चनोंदीत 'पिएत्रो दि मार्तिनो' दिसलं तर निदान तीन पिढ्या तपासा. शब्द दर पिढीला बदलत असेल तर ते फक्त वडिलांचं नाव. तसाच टिकला तर आडनाव. गॅलिलिओचं गॅलिलेई असंच टिकलं: घराणं मूळचं बोनाय्यूती, पुढे गॅलिलिओ बोनाय्यूती या पूर्वजाचं नाव आडनाव झालं.

नोंदी शोधताना थेट आडनाव टाकू नका. आधी कुटुंबाची नगरपालिका, म्हणजे 'कोमूने', निश्चित करा, मग इटलीच्या सरकारी अभिलेखागारांच्या 'अंतेनाती' या मोफत पोर्टलवर त्या गावाची पुस्तकं उघडा. नेपल्सच्या जुन्या राज्यात मुख्य भूमीवर नागरी नोंदी 1809 पासून, सिसिलीत 1820 पासून आणि इतर बहुतेक भागांत 1866 पासून मिळतात, व्हेनेतोत 1871 पासून. त्याआधीचं बहुतेक चर्चच्या वह्यांत. बाप्तिस्मा आणि विवाहांची नोंद ठेवणं 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या त्रेंतो इथल्या परिषदेने बंधनकारक केलं. विवाहित स्त्री शोधताना माहेरचंच आडनाव वापरा, कारण इटालियन नोंदींत तिचं आडनाव बदलत नाही.