जुन्या नेटबुकवर अँटिएक्स: माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयाला कुणीतरी जुनी नेटबुकं, म्हणजे छोटे लॅपटॉप, दिली. आत ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम. विंडोज एक्सपी सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. हा प्रोसेसर ३२ बिटचा, म्हणून आताची उबुंटू (लोकप्रिय लिनक्स) त्यावर चढतच नाही, ती फक्त ६४ बिटची. डेबियन १२ या लिनक्सवर बेतलेलं, जुन्या मशीनसाठीचं हलकं अँटिएक्स २३ मात्र ३२ बिटमध्येही मिळतं. पेनड्राइव्हवरून आधी लाइव्ह, म्हणजे न बसवताच, चालवून वायफाय, आवाज, टचपॅड तपासलं, मगच हार्डडिस्कवर बसवलं. त्यात विशेष काही नाही.

खरी कटकट स्क्रीनची. १०२४ बाय ६००! काही सेटिंगच्या विंडो त्याहून उंच, त्यामुळे खालचं ‘ओके’ बटण गडप. ऑल्ट दाबून धरायचं आणि माउसने विंडो वर ओढायची. वरचा पट्टा स्क्रीनबाहेर जातो, बटण हाती लागतं.

मग भाषेचा घोळ. आमच्याकडे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, घरचा पत्रव्यवहार मराठीत. ब्राउझरमध्ये उतारा उघडला तर नावाच्या जागी नुसते चौकोन. सिनॅप्टिक या सॉफ्टवेअर बसवायच्या प्रोग्रॅममधून देवनागरी आणि कन्नड, दोन्ही फाँट घातले, ब्राउझर बंद करून परत उघडला. शेजारी बसलेले मामा गट नंबरावर बोट ठेवून म्हणाले, “आता दिसतंय की रे!”

यूट्यूब अडखळतं, ते अडखळणारच. टायपिंग, पीडीएफ आणि एखादा टॅब, एवढ्याला मशीन मस्त चालतं. झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) चालू केल्यावर दुसरा टॅबही सोसतं.