चुकीला जागा देणारा वर्ग कसा घडवावा

दुसरी-तिसरीच्या वर्गात ४२ मधून १७ वजा करायला सांगितले, की काही मुले ३५ असे उत्तर देतात. ही बेफिकिरी नसते. दोनातून सात जात नाहीत हे मुलाला दिसते, म्हणून ते सातातून दोन वजा करते. अशा वेळी ‘चूक’ म्हणून पुढच्या मुलाकडे न वळता शिक्षकाने ते उत्तर कोणाचेही नाव न घेता फळ्यावर लिहावे आणि ‘हे कसे काढले असेल?’ असे साऱ्या वर्गाला विचारावे. मग दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलांच्या हाती देऊन त्यांतून सतरा बाजूला काढायला सांगावे. एक गठ्ठा सोडल्याशिवाय भागत नाही, हे मुलांचे हातच त्यांना सांगतात.

प्रश्न विचारल्यानंतर थांबणे हे दिसायला सोपे, पण अंगवळणी पडायला अवघड काम आहे. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण अभ्यासले, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले. ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली असता मुलांची उत्तरे लांबली आणि ती स्वतःहून प्रश्नही विचारू लागली. म्हणून मनातल्या मनात तीनपर्यंत मोजावे. ‘समजले का?’ हा प्रश्न मात्र शक्यतो सोडून द्यावा, कारण त्याला साऱ्या वर्गाकडून एका सुरात ‘हो’ एवढेच उत्तर येते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे, तरी सोबत्यांच्या हसण्याने गप्प झालेले मूल कायद्याच्या नजरेस पडत नाही. त्यामुळे चुकलेल्या मुलाला कोणी हसले, तर धडा तिथेच थांबवून त्याविषयी शांतपणे बोलावे, मग त्या दिवशीचा पाठ अपुरा राहिला तरी चालेल.

बसण्याची व्यवस्था मुलांवर सोडल्यास ती आपापल्या वस्तीतल्या सोबत्यांशेजारी बसतात आणि मुली एका कडेला जातात. गावातल्या भिंती अशा सतरंजीवर उतरतात. शिक्षकाने चार-चार जणांचे मिश्र गट स्वतः करावेत आणि ते दर पंधरवड्याला बदलावेत. ‘गटातल्या कोणालाही उठवून विचारीन’ असे आधीच सांगितले, तर चटकन समजलेले मूल शेजाऱ्याला समजावू लागते. समजावताना त्याचे स्वतःचे कच्चे दुवेही उघडे पडतात, हा लाभ माझ्या मते त्या मदतीइतकाच मोलाचा आहे. गटप्रमुखपद मात्र एकाच हुशार मुलाकडे राहू देऊ नये.

डहाणूतील वारली किंवा धडगावातील पावरा मूल वर्गात गप्प असेल, तर ते मंद आहे असे ठरवण्यापूर्वी त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावे. त्याने सांगितलेला झाडाचा, पाखराचा शब्द फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहावा आणि तो उच्चारायला इतरांना त्याच्याकडूनच शिकू द्यावे.

भिंतीचा खालचा पट्टा काळा रंगवून प्रत्येक मुलाला लिहायला हातभर जागा नेमून द्यावी, आणि तिथले लेखन शिक्षकाने न पुसता, मुलाला वाटेल तेव्हा त्यानेच पुसावे.