स्तनातली गाठ काढायला जाताय? आधी घर खांद्याच्या खाली आणा

ऑपरेशननंतर हात वर न नेता कामं जमतील का हे बघायला, आदल्या रविवारी मी एक खेळ केला. घडी केलेला रुमाल उजव्या काखेत धरला, दंड बरगडीला चिकटवला आणि ठरवलं, रुमाल पडला की मी हरले. मग रोजची कामं सुरू केली. पहिल्या अर्ध्या तासात सात वेळा हरले. दुधासाठी दार उघडायला गेले तर कडी वर. गीझरचं बटण डोक्याच्याही वर. साखर तिसऱ्या फळीवर. बाल्कनीत छताला टांगलेला कपड्यांचा स्टँड तर दोरी ओढून वर चढवायचा, तो धड दोन हातांनीही रडवतो.

माझी गाठ उजव्या स्तनात, काखेकडे होती. सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला, फायब्रोअ‍ॅडेनोमा निघाला. म्हणजे साधी गाठ, पण वाढत चालली होती म्हणून काढायची ठरली. हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर किती वाजल्यापासून उपाशी राहायचं, पॉलिसीचं कार्ड, जुने रिपोर्ट, नेलपॉलिश काढून या, असं सगळं होतं. घरी आल्यावर कुर्ता डोक्यातून कसा काढायचा, हे मात्र कुठेच नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

तर रुमालाचा खेळ तुम्हीही खेळा, ज्या बाजूची गाठ त्या काखेत. जिथे जिथे रुमाल पडेल ती वस्तू कंबर आणि छातीच्या मध्ये आणून ठेवा. मी चहा-साखर, पोह्यांचा डबा, औषधं, फोनचा चार्जर सगळं ओट्यावर मांडलं. पाच लिटरचा कुकर वर गेला, दोन लिटरचा खाली आला. पिठाच्या मोठ्या डब्यातून चार दिवसांचं पीठ छोट्या डब्यात काढलं. दाराला मधल्या उंचीवर एक कडी बसवून घेतली. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा गाठीसाठी घराची उलथापालथ!" चौथ्या दिवशी त्याच खालच्या कडीचं कौतुक करत होत्या, कारण त्यांचाही खांदा दुखतो.

कपड्यांत मी चुकले, ते नीट ऐका. नवी स्पोर्ट्स ब्रा मागवली, डोक्यातून घालायची, घट्ट. 'आधार मिळेल' म्हणून. दुसऱ्या दिवशी ती घालणं म्हणजे दोन माणसांचं काम झालं आणि पट्टी नेमकी टाक्यांवर आली. शेवटी नवऱ्याला ठाण्यातल्या गोखले रोडला पाठवलं, बिचारा कागदावर लिहून घेऊन गेला: पुढून हूक, सुती, तार नको, खालची पट्टी रुंद, नेहमीपेक्षा एक माप सैल. सूज येते, म्हणून सैल. तीन तरी घ्या. माझं ऑपरेशन जुलैतलं, आणि आमच्या पाचपाखाडीत जुलैमध्ये वाळत घातलेली ब्रा तिसऱ्या दिवशीसुद्धा दमटच लागते. ओलसर कापड जखमेवर नको. एक ब्रा हॉस्पिटलमध्येही न्या. पण काही सर्जन स्वतःची दाबपट्टी बांधतात, तेव्हा आधी विचारून घ्या. रात्रीही ब्रा घालायची का, किती दिवस, हेही विचारा. बाकी पोटापर्यंत बटणं असलेले दोन गाऊन आणि नवऱ्याचे जुने शर्ट, बस्स.

दागिने घरीच. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, अंगावर धातू नको म्हणतात. "काळ्या मण्यांची पोत तरी राहू दे," असं सासूबाईंनी नर्सला दोनदा सांगून बघितलं, मग पोत स्वतःच्या पर्समध्ये घालून पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

परतीचा प्रवास हलका घेऊ नका. आम्ही घोडबंदर रोडवरून येत होतो, पावसाळा आणि खड्डे. रिक्षा नकोच, गाडी बोलवा. एक छोटी उशी सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये धरायची. स्पीडब्रेकर दिसला की तळहाताने ती बाजू खालून धरायची, लाजायचं नाही. ड्रायव्हरला बसतानाच सांगितलं, "दादा, ऑपरेशन झालंय, सावकाश." त्याने खरंच वीसच्या वेगाने आणलं, मागून हॉर्नचा पाऊस.

रक्त पातळ करणारी गोळी, अ‍ॅस्पिरिन, काढे, लसणाच्या कॅप्सूल, जे काही चालू असेल ते सर्जनला आधीच सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. दुखण्याची गोळी पहिले दोन दिवस दुखायची वाट न बघता सांगितलेल्या वेळेला घ्यायची. कडक गोळी दिली असेल तर पोट साफ होत नाही, पपई आणून ठेवा. शेक बर्फाचा, गरम नाही: मटाराचं गोठलेलं पाकीट सुती फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं. जखमेवर हळद, तूप, कुणाच्या आत्याचं मलम, काहीच नाही. झोपताना पाठीवर, आणि त्या बाजूच्या हाताखाली उशी.

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. पाचव्या रात्री हात सहज टाक्यांखाली गेला आणि बोटांना कडक काहीतरी लागलं. आवळ्याएवढं. गाठ परत आली! नवऱ्याला उठवलं नाही, सकाळपर्यंत छताकडे बघत पडले. नऊ वाजता फोन केला तर सर्जन म्हणाल्या, "गाठ काढली तिथे पोकळी राहते, त्यात पाणी साठतं, थोडं रक्त साठतं, मग भरताना ते कडक लागतं. काही आठवड्यांनी मऊ पडेल." तसंच झालं. जांभळा डाग हिरवा, मग पिवळा होत गेला. मध्येच करंट लागल्यासारखी कळ यायची, टाक्यांजवळचा भाग बधिर वाटायचा, तेही हळूहळू कमी झालं. पण अचानक सूज वाढली, पट्टी रक्ताने भिजली, लाली पसरायला लागली, पू आला किंवा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन. तो नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

गाठ साधी असली तरी काढलेला भाग तपासायला जातोच. माझा रिपोर्ट आठवड्याने आला. त्या आठवड्यात फोनवर 'साधीच होती ना?' विचारणाऱ्यांना उत्तर द्यायचं काम मी नणंदेकडे दिलं होतं. तिला ते छान जमतं.

हात अजिबात न हलवणंही चूक, खांदा आखडतो. मला भिंतीवर बोटं चालवत वर न्यायला सांगितलं होतं, ताण जाणवला की थांबायचं. काखेतल्या गाठीही काढल्या असतील तर व्यायाम वेगळे, फिजिओथेरपिस्टकडूनच शिका. भरलेली बादली, लेकराला कडेवर घेणं, स्कूटर, हे कधीपासून चालेल ते तारखेसकट विचारून घ्या. 'थोडे दिवस' हे उत्तर घेऊन उठू नका.

ऑफिसला जाताना ठाण्याहून सुटणारी लोकल पकडली, बसायला मिळतं. पर्स डाव्या खांद्यावर, डबा नाही, आणि उशी मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, "झोपायला का?" मी हो म्हटलं.

स्टँडची दोरी मात्र अजून लांब सोडलेलीच आहे. कपडे छातीच्या उंचीवर वाळतात, बाल्कनीत जाताना वाकावं लागतं, आणि नवरा रोज ओल्या टॉवेलात तोंड घालतो.