स्विच-ऑननंतरचा घरचा सराव

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे ऐकू यावं म्हणून ऑपरेशनने कानाच्या आत बसवलेला भाग आणि त्याला जोडलेलं कानावरचं यंत्र. ते बसवून नुकतंच यंत्र सुरू झालेल्या मोठ्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी हे लिहिते आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण ऐकणं घरीच शिकावं लागतं, तेही रोज.

पहिल्या दिवशी बोलणं कळेल अशी आशा धरू नका. मला शिट्ट्या ऐकू आल्या, आणि सुनेचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. असं का, ते समजून घेतलं की धीर येतो. चांगल्या कानात शंखाच्या, म्हणजे कानाच्या आतल्या शंखासारख्या वळणदार भागाच्या, आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० केशपेशी आवाज टिपून नसेकडे पाठवतात. आपल्या इम्प्लांटमध्ये ते काम कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणारी बारीक टोकं, करतात, आणि ते थेट श्रवणाच्या नसेला वीज देतात. एवढ्याशा खुणांवरून शब्द ओळखायला मेंदूला काही महिने द्यावेच लागतात. म्हणून यंत्र उठल्यापासून झोपेपर्यंत कानावर हवं. पाहुणे आले की काढून ठेवायचं, हे करू नका. घरात कसला आवाज आला की उठून बघा, फोडणी की नळ. डोळ्यांनी पाहिलेला आवाज लवकर ओळखीचा होतो.

सकाळी चहाआधी सहा ध्वनी: आ, ई, ऊ, म, श, स. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवणारे तज्ज्ञ डॅनियल लिंग यांची ही तपासणी. माझी सून मागे, इम्प्लांटच्या बाजूला हातभर अंतरावर उभी राहते. तोंडावर हात धरत नाही, त्याने ‘स’ दबतो. क्रम रोज बदलते आणि मधेच गप्प राहते, कारण ठराविक वेळाने आवाज येतो हे कळलं की माणूस अंदाजाने उत्तर देतो. मी मान हलवली की ती म्हणते, “आई, म्हणून दाखवा.” तेच बरोबर आहे. आवाज आल्याचं कळणं वेगळं, कोणता ते ओळखणं वेगळं. जमलं की ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरते.

चुकलेला ध्वनी वहीत लिहा. ‘ऊ’, ‘म’ हे खालचे सूर शंखाच्या आतल्या टोकाकडे, ‘स’ सारखे वरचे सूर त्याच्या तोंडाशी ऐकले जातात, म्हणून कोणता ध्वनी चुकतो हे महत्त्वाचं. “नीट ऐकू येत नाही” एवढ्यावर ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, मॅपिंग (प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची याची जुळणी) कसं बदलणार? “आठवडाभर ‘स’ चा ‘श’ होतोय” म्हटलं की त्यांना शोधायची जागा कळते. कालपर्यंत येणारा आवाज आज अचानक गेला, तर आधी बॅटरी, कॉइलची (डोक्याला चिकटणाऱ्या चकतीची) वायर आणि माइकचं कव्हर तपासा.

शब्दांची सुरुवात लांबीपासून करा. आम्ही आपल्या इंदूरच्याच जागा घेतल्या. कागदावर राऊ, सराफा, अन्नपूर्णा मंदिर लिहायचं, सुनेने मागून एक म्हणायचं, मी बोट ठेवायचं. मग सारख्या लांबीची: सराफा, राजवाडा, खजराना. त्यानंतर एका अक्षराचा फरक: साल-शाल, पाट-पाठ, कडी-घडी. हे फार चिवट काम आहे, कंटाळा येतो, तरी सोडू नका. शेवटी कागद काढून घ्यायचा.

इंदुरात घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. सराव मात्र जन्मभर ज्या भाषेत बोललात तिच्यातच सुरू करा. अर्धवट ऐकलेला शब्द मेंदू ओळखीच्या भाषेतच पुरा करतो. हिंदी मागाहून भाजीवाल्याशी बोलता बोलता येते.

यंत्र रात्री ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या डब्यात, ठेवा, पावसाळ्यात तर चुकवूच नका. झिंक-एअर बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या. ऑपरेशनने आत बसवलेल्या भागात चुंबक असतं, म्हणून कोणी एमआरआय सांगितला तर आधी इम्प्लांटचं कार्ड दाखवा.

गोंगाट सगळ्यात शेवटी घ्या. आधी पंखा, मग हलक्या आवाजात टीव्ही, आणि हे जमल्यावरच छप्पन दुकान, ही इंदूरची खाऊगल्ली. तिथेही एकाच माणसाबरोबर जा, गर्दी कमी असताना सकाळी पोह्यांच्या वेळी. भिंतीला पाठ करून बसा, बोलणारा इम्प्लांटच्या बाजूला घ्या. आणि कळलं नाही तर “काय?” म्हणू नका, जेवढं कळलं तेवढं सांगून उरलेलंच विचारा: “रविवारी कोण येणार म्हणालीस?”