देवळातली जुनी मूर्ती ओळखताना या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे जुन्या देवळात गेलात की "हे पांडवांनी एका रात्रीत बांधलंय" असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. ते ऐकून घ्या, पण मूर्तीचं नाव तिच्या हातांवरून ठरवा.

सगळ्यात जास्त घोटाळा विष्णूचा होतो. शंख, चक्र, गदा, पद्म दिसलं की आपण 'विष्णू' म्हणून मोकळे! पण केशव, नारायण अशी २४ नावं याच आयुधांच्या क्रमावरून ठरतात. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करायची. मग वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला तर केशव. शंख, पद्म, गदा, चक्र लागला तर नारायण. बहुतेक जण चुकतात ते उजव्या-डाव्यात. उजवा हात मूर्तीचा धरायचा, आपला नव्हे. आणि हात तुटलेला असेल तर उगाच अंदाज ठोकू नका, नुसतं विष्णू म्हटलेलं बरं.

फणा दिसला की नागोबा, हेही घाईचंच. सांगली जिल्ह्यातल्या कुंडल गावचा डोंगर हे जैन तीर्थंकर पार्श्वनाथाचं क्षेत्र, आणि पार्श्वनाथाच्या डोक्यावर बहुधा सात फणे असतात. कंबोडियात मुचलिंद नागाच्या फण्याखाली बसलेला बुद्धही पुष्कळ दिसतो. अशा वेळी खांदा बघा. चीवराची, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राची कड दिसली तर बुद्ध. आपल्याकडच्या दिगंबर जैन मूर्तीवर वस्त्र नसतंच. दुकानातला ढेरपोट्या 'लाफिंग बुद्धा' मात्र गौतम बुद्ध नव्हे, तो बुदाई नावाचा चिनी भिक्षू.

वेशीजवळचा शेंदूर फासलेला दगड देवच असेल असं नाही. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतील तर तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक-दगड. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईचं स्मारक.

साताऱ्याजवळच्या पाटेश्वरला अग्निवृषाचं, म्हणजे वृषभरूपातल्या अग्नीचं शिल्प आहे. ते बघून 'कारागीर चुकला' म्हणू नका. चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी, सात हात असलेल्या वृषभाचं वर्णन थेट ऋग्वेदात आहे.

कोरीव काम नीट दिसत नसेल तर पीठ, खडू किंवा तेल चोळू नका. टॉर्च बाजूने तिरपा धरा, सावल्या पडून रेषा उठून दिसतात. शेंदराचा थर तर अजिबात खरवडू नका. गुरवांना विचारून अभिषेकाच्या वेळी जा, तेव्हा निदान वस्त्रं आणि हार तरी उतरवलेले असतात.