दगडफुलावरची नवी बुरशी कशी ओळखावी, कशी नोंदवावी

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी; त्यावर दुसऱ्या बुरश्याही वाढतात. दगडफुलावर काळे ठिपके दिसले की आधी दहापट भिंग लावा. पुष्कळदा ते दगडफुलाचेच अवयव निघतात. ठिपक्याभोवतीचा थर फिकट पडला असेल किंवा गाठ आली असेल, तर नमुना घ्या. कागदी पाकिटातच, प्लास्टिकमध्ये ओल कोंडून साधी बुरशी चढते. यजमानाची, म्हणजे ज्या दगडफुलावर ती वाढते त्याची, प्रजाती आधी पक्की करा, कारण यातल्या अनेक बुरश्या ठरावीक यजमानावरच वाढतात.

ठिपका भिजवून कोऱ्या ब्लेडने पातळ उभा काप घ्या. पाण्यात पाहा, मग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, मग आयोडीनमध्ये. रंग कुठे बदलतो ते टिपा. किमान ३० बीजाणू मोजा, पाण्यातच आणि पिशवीबाहेर (बीजाणू जिच्यात तयार होतात ती सूक्ष्म पिशवी) पडलेलेच. पोटॅशने ते फुगू शकतात, पिशवीतले कच्चे असू शकतात. इथली घाई पुढे फार महागात पडते.

डीएनएसाठी सुईने फक्त फळाचा, म्हणजे त्या ठिपक्याचा, गर उचला, नाहीतर दगडफुलातल्या यजमान बुरशीचाच डीएनए-क्रम येतो.

मूळ नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत असा संग्रह आहे. नव्या प्रजातीचं वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीतच हवं. मायकोबँकसारख्या, बुरश्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदणीचा क्रमांक छापला नाही, तर २०१३ पासून नाव वैध धरत नाहीत.