माग न ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला अभिप्राय कसा कळवावा

नेहमीच्या मोफत ॲपला आपण काहीही कळवले नाही, तरी त्याच्या कंपनीला बरेच काही कळत असते. कोणत्या पडद्यावर आपण थबकलो, कोणते बटण दोनदा दाबले, कुठे कंटाळून ॲप बंद केले, याची नोंद पाठीमागे होत राहते आणि पुढच्या आवृत्तीतील बऱ्याच सुधारणा त्या नोंदींवरून ठरतात. खासगीपणा जपणारे सॉफ्टवेअर अशी नोंद ठेवत नाही, किंवा फारच थोडी ठेवते. २०१६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियातून ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे गुन्ह्याच्या तपासासाठी नेमलेल्या नागरिकांच्या मंडळाच्या, आदेशाने सिग्नल या संदेशांच्या ॲपच्या निर्मात्यांकडे वापरकर्त्याची माहिती मागण्यात आली, तेव्हा खाते कधी उघडले आणि ते शेवटचे कधी जोडले गेले, एवढ्यापलीकडे त्यांच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते. तपास यंत्रणेला जे मिळाले नाही ते दुरुस्ती करणाऱ्यालाही मिळत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत दुकानात हळदीच्या सौद्याच्या वेळी संदेश उघडेनासा झाला, तर दुकानातून कोणी कळवल्याशिवाय निर्मात्याला ते समजण्याचा मार्गच नसतो. मात्र कळवण्याच्या नादात, जे झाकून ठेवण्यासाठी हे सॉफ्टवेअर घेतले तेच उघड्यावर पडू शकते. म्हणून काय लिहावे याइतकाच काय लिहू नये याचाही विचार आधी करावा लागतो.

पहिले काम म्हणजे आपल्याला नेमके काय सांगायचे आहे ते ठरवणे. बिघाड, नवी सोय, सुरक्षेतील छिद्र आणि आपल्या माहितीविषयीची तक्रार या चार गोष्टींचे पत्ते वेगवेगळे असतात. बिघाड आणि सोयीची मागणी प्रकल्पाच्या सार्वजनिक नोंदवहीत करता येते. अनेक मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्यांचा मूळ कोड सर्वांना खुला असतो त्यांची, ही नोंदवही गिटहब या संकेतस्थळावर असते. सुरक्षेतील छिद्र मात्र चारचौघांत कधीही सांगू नये, कारण दुरुस्ती होण्यापूर्वीच त्याचा गैरवापर करणारे ते वाचतात. त्यासाठी संकेतस्थळावरील सुरक्षाविषयक ईमेल पत्ता शोधावा. तो पत्ता ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाच्या फाइलमध्ये ठेवण्याची पद्धत २०२२ पासून प्रमाणित झालेली आहे. प्ले स्टोअरवर एक तारा देऊन ‘चालत नाही’ असे लिहिण्याने राग निघतो, दुरुस्ती होत नाही. शिवाय तो शेरा आपल्या गूगल खात्याच्या नावासह सर्वांना दिसतो, हे वैद्यकीय किंवा आर्थिक ॲपबाबत तरी लक्षात असावे.

बिघाडाच्या नोंदीत ॲपची आवृत्ती, फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढे असले की पुरे. यातील ‘कोणत्या क्रमाने’ हा भाग लोक गाळतात आणि दुरुस्ती करणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. आपल्या भागातील उदाहरण घेऊ. ‘कऱ्हाड’ या नावातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: एका प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त येतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमाला असतात. टिपणांच्या किंवा नकाशाच्या ॲपने हा भेद आधी मिटवला नसेल, तर एका कळफलकावर लिहिलेले ‘कऱ्हाड’ दुसऱ्या कळफलकावरून शोधल्यास सापडत नाही. ‘ॲ’ आणि ‘अ‍ॅ’ यांचीही तीच गत होते. असा दोष कळवताना पडद्याचे चित्र निरुपयोगी ठरते, कारण चित्रात दोन्ही शब्द एकच दिसतात. दोन्ही रूपे मजकूर म्हणून चिकटवावीत, प्रत्येकाखाली कोणता कळफलक वापरला ते लिहावे आणि कोणत्या रूपाने शोध लागतो, कोणत्या रूपाने लागत नाही, ते नोंदवावे. देवनागरी न वाचणाऱ्या चाचणीकाराला हा दोष स्वतःहून सापडणे जवळपास अशक्य आहे, त्यामुळे मराठी वापरकर्त्याच्या अशा एका नोंदीचे मोल मोठे असते. नोंद साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहावी आणि ॲपने मराठीत दाखवलेला संदेश त्यात जसाच्या तसा द्यावा. भाषांतरच चुकले असेल तर नोंद करण्याऐवजी थेट दुरुस्ती सुचवता येते. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारासारखे प्रकल्प त्यासाठी वेबलेट ही भाषांतराची ऑनलाइन व्यवस्था वापरतात.

सोयीची मागणी करताना उपाय सांगण्यापूर्वी अडचण सांगावी. सिग्नलला फोन क्रमांक लागतो, ही जुनी तक्रार होती आणि ‘क्रमांकाची अटच काढा’ असा तिचा सूर असे. पण विश्रामबागेतील एखाद्या सोसायटीच्या गटात सामील होणाऱ्या महिलेची खरी अडचण, गटातील अनोळखी माणसांना आपला क्रमांक दिसतो, ही असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिग्नलने जी सोय आणली ती या अडचणीला धरून होती: नोंदणीसाठी क्रमांक अजूनही द्यावा लागतो, परंतु इतरांपासून तो लपवता येतो आणि संपर्कासाठी वापरकर्तानाव देता येते. अडचण नीट मांडली की उपायाचे स्वातंत्र्य निर्मात्याकडे राहते, आणि खासगीपणाच्या रचनेत कोणती वीट हलवता येते हे त्यालाच ठाऊक असते.

आता सर्वांत जपण्याच्या भागाकडे वळू. पडद्याचे चित्र पाठवण्यापूर्वी त्याचा वरचा पट्टा पाहावा, कारण तिथे बँकेच्या संदेशाची सूचना किंवा नातेवाइकाचे नाव डोकावत असते. झाकायचा भाग फोनमधील मार्करने रंगवू नये. तो रंग पुष्कळदा अर्धपारदर्शक असतो आणि चित्राचा उजेड वाढवला की खालची अक्षरे वाचता येतात. तो भाग कापून टाकावा किंवा त्यावर पूर्ण भरीव चौकोन बसवून चित्र नव्याने जतन करावे. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी तिच्याखालचा मजकूर अनेकदा निवडून नकलता येतो. दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढला असेल तर त्यात जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. लॉग, म्हणजे ॲपने स्वतःच्या कामाची ठेवलेली रोजनिशी, यापेक्षा फसवी असते: मजकूर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारा, असला तरी फाइलींची नावे उघडी राहू शकतात, आणि मिरजेतील एखाद्या दवाखान्यात फाइलीला रुग्णाचे नाव व आजार यांवरूनच नाव दिलेले असले, तर एक लॉग पाठवणे म्हणजे रुग्णांची यादी पाठवणे होय. काही ॲप लॉगमधील फोन क्रमांक स्वतःहून गाळतात, तरीही पाठवण्यापूर्वी तो ओळीओळीने वाचावा. वाचून कळला नाही तर सार्वजनिक नोंदीत न टाकता निर्मात्याला खासगीत पाठवण्याची सोय विचारावी. पासवर्डांची तिजोरी असलेली फाइल कोणी कितीही विश्वासाने मागितली तरी देऊ नये. प्रामाणिक निर्माता ती मागत नाही.

यावर सर्वांत सोपा तोडगा म्हणजे वेगळे चाचणी-खाते. त्यात ‘अबक ट्रेडर्स’ अशी बनावट नावे आणि खोटे आकडे भरून तोच बिघाड पुन्हा घडवून पाहावा. घडला तर चित्रे, लॉग, सगळे निर्धास्तपणे देता येते. घडला नाही तर बिघाड आपल्या खऱ्या माहितीतील एखाद्या विशिष्ट नोंदीत आहे, हेही मोलाचे निदान झाले. गिटहबवर लिहिलेला मजकूर नंतर बदलला तरी त्याची जुनी आवृत्ती इतिहासात राहते आणि ती वेगळी पुसावी लागते, म्हणून चूक सुधारण्यावर भिस्त न ठेवता आधीच वाचून घ्यावे.

माहितीच्या मालकीविषयी अभिप्राय देण्यापूर्वी निर्यात करून पाहावी. जाहिरातीतील ‘तुमचा डेटा तुमचाच’ या वाक्याची दुसरी कसोटी नाही. संपर्क, टिपणे किंवा पासवर्ड ॲपमधून बाहेर काढावेत, दुसऱ्या ॲपमध्ये भरावेत आणि काय गळाले ते पाहावे: तारखा गेल्या का, जोडलेली चित्रे गेली का, मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली का. पासवर्डांची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्याची, फाइल कुणालाही वाचता येते, म्हणून ती काम झाल्याबरोबर पुसावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कृष्णाकाठी वेगळी निकड आली आहे. फोन पाण्यात गेला आणि परवलीचा शब्द आठवत नसला, तर टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध केलेली, म्हणजे जिची किल्ली फक्त वापरकर्त्याकडे असते अशी, माहिती निर्मात्यालाही परत देता येत नाही, आणि ‘पासवर्ड बदलून द्या’ ही तेव्हाची मागणी प्रत्यक्षात कुलूप कमकुवत करण्याची मागणी ठरते. त्याऐवजी पुनर्प्राप्तीची किल्ली, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर माहिती उघडणारा संकेत, कागदावर लिहून ठेवण्याची सूचना ॲपने पहिल्याच दिवशी ठळकपणे आणि मराठीत द्यावी, अशी मागणी करावी. ती पूर्ण होण्याजोगी आहे.

तक्रार सॉफ्टवेअरच्या दोषाविषयी नसून एखाद्या संस्थेने आपली माहिती कशी वापरली याविषयी असेल, तर मामला कायद्याचा होतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कोणती माहिती आहे हे विचारणे, ती दुरुस्त करवणे, पुसवणे आणि आपल्या पश्चात हे हक्क बजावणारी व्यक्ती नेमणे, हे हक्क त्यात आहेत. संमती घेण्यापूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठी सूचना मागणे हा उपकाराचा विषय राहत नाही. तक्रार आधी त्या संस्थेकडेच करावी लागते, या कायद्याखालील डेटा संरक्षण मंडळाची पायरी नंतरची. खोटी तक्रार केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडही आहे. युरोपीय कायद्यात माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे, तो आपल्या कायद्यात नाही. निर्यातीची सोय अभिप्रायातून मागावी लागते ती त्यामुळेच. जाता जाता, घरच्यांसाठी नेक्स्टक्लाउड, म्हणजे फाइली स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवण्याचे सॉफ्टवेअर, चालवणाऱ्याला हा कायदा लागू नाही, पण सांगलीतील कर सल्लागाराने त्यावर अशिलांची कागदपत्रे ठेवली की जबाबदार पक्ष तोच होतो.

नोंद केल्यावर आधी कोणी तीच केलेली होती असे आढळले, तर नवी बंद करून जुन्या नोंदीखाली आपल्या फोनचा तपशील लिहावा. असे बरेच प्रकल्प मोजक्या माणसांवर चालतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे उत्तर न येणे स्वाभाविक आहे. प्रश्न विचारला गेला तर मात्र लगेच उत्तर द्यावे, कारण उत्तराअभावी नोंदी बंद होतात. दुरुस्तीची आवृत्ती आली की त्याच फोनवर त्याच क्रमाने तपासून दोष राहिला की गेला ते आवृत्तीच्या क्रमांकासह कळवावे, आणि चाचणी-खाते, कापलेली चित्रे व उतरवलेले लॉग त्यानंतर फोनवरून पुसून टाकावेत.